विरोधी बाकांवरून दिसणारं जग

१९१९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये एक चमत्कारिक पारायण सुरू झालं. सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज व्हर्सायचा तह मोठ्याने वाचून दाखवू लागले. तहात ४४० कलमं होती. जर्मनीच्या सरहद्दी, नुकसानभरपाई, नद्यांमधल्या वाहतुकीचे नियम असं सगळं त्यात होतं आणि ते छापून आलेलं होतं. तरीही लॉज यांनी दोन आठवडे वाचन चालू ठेवलं. सदस्य एकेक करून काढता पाय घेत, लॉज वाचतच राहत.

लॉज रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन डेमोक्रॅट. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि तहातच अंतर्भूत असलेल्या राष्ट्रसंघाच्या कल्पनेला अमेरिकेत चांगला पाठिंबा होता. अशा वेळी तहाला सरळ विरोध करणं परवडणारं नव्हतं. म्हणून लॉज यांनी आधी वेळ काढला, मग साक्षीपुरावे लावले, आणि लोकांचा उत्साह ओसरू लागल्यावर तहाला चौदा अटी जोडल्या. विल्सन यांच्या गाजलेल्या चौदा मुद्द्यांना हे चौदा अटींचं उत्तर होतं. सगळ्यात कळीची अट दहाव्या कलमाबद्दल होती: राष्ट्रसंघातल्या एखाद्या देशावर आक्रमण झालं तर अमेरिकेने धावून जायचं की नाही, हे काँग्रेस ठरवील.

विल्सन यांनीही विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं होतं. ऑक्टोबर १९१८ मध्ये त्यांनी मतदारांना डेमोक्रॅटिक काँग्रेसच निवडून देण्याचं जाहीर आवाहन केलं. मतदारांनी दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांच्या हवाली केली. तरी पॅरिसच्या शांतता परिषदेला नेलेल्या शिष्टमंडळात विल्सन यांनी एकही वजनदार रिपब्लिकन नेता घेतला नाही. पुढे लॉज यांच्या अटींसह तह मंजूर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्याच पक्षाच्या सिनेटरांना विरोधात मत द्यायला सांगितलं. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी अटींसह तह ३९ विरुद्ध ५५ मतांनी पडला, बिनअटींचा तह ३८ विरुद्ध ५३ मतांनी. मार्च १९२० मध्ये पुन्हा मतदान झालं. या वेळी ४९ मतं बाजूने आणि ३५ विरोधात पडली, म्हणजे बहुमत मिळालं. पण दोन तृतीयांशाला सात मतं कमी पडली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार वॉरन हार्डिंग सुमारे ६० टक्के मतं घेऊन जिंकले.

तिजोरीच्या किल्ल्या विरोधकांकडे

भारतीय वाचकाला इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नावाचं पद अमेरिकेत नाही. राष्ट्राध्यक्षपद हरलेला पक्ष काँग्रेसच्या एका किंवा दोन्ही सभागृहांत बहुमतात असू शकतो. मग समित्यांची अध्यक्षपदं, चौकशीचे अधिकार आणि तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या हातात असतात. तहाला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात, राजदूतांच्या नेमणुकांना सिनेटची मंजुरी लागते, आणि युद्ध पुकारण्याचा अधिकार तर राज्यघटनेने काँग्रेसलाच दिलेला आहे.

मात्र सैन्य राष्ट्राध्यक्षाच्या हुकमाखाली असतं, गुप्त अहवाल आधी त्याच्या टेबलावर येतात आणि संकट आलं की टीव्हीवर तोच बोलतो. विरोधी पक्षाला बाजू घ्यावी लागते ती युद्धाचा निकाल लागण्याआधी, आणि त्या निकालावर त्याचा काडीचाही ताबा नसतो. एरवी अमेरिकी मतदार महागाई आणि नोकऱ्या पाहून मत देतो. परदेशातल्या घडामोडींवरून तो एवढंच जोखतो, की व्हाइट हाउसमधला माणूस खमक्या आहे की लेचापेचा.

अशा अंधारात निर्णय घ्यायचा तर कशाच्या आधारे? गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर दोन्ही पक्षांनी बहुतेक वेळा एकच आधार शोधलेला दिसतो: मागच्या वेळी कशामुळे फटका बसला. विरोधी पक्ष समोरच्या संकटावर मत देतो खरा, पण त्याचा डोळा आपली जुनी चूक दुरुस्त करण्यावर असतो. आणि ही दुरुस्तीच पुढच्या चुकीला जन्म देते.

व्हॅन्डेनबर्ग यांचा सौदा

आर्थर व्हॅन्डेनबर्ग हे मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावच्या वर्तमानपत्राचे संपादक. १९२८ मध्ये ते सिनेटमध्ये आले. युरोपच्या भांडणात अमेरिकेने पडू नये असं म्हणणाऱ्या रिपब्लिकनांमध्ये त्यांचं नाव पुढे होतं. १९४१ मध्ये ब्रिटनला शस्त्रं पुरवण्याच्या लेंड-लीज कायद्यालाही त्यांनी विरोध केला होता. पण १० जानेवारी १९४५ रोजी त्यांनी सिनेटमध्ये भूमिका बदलल्याचं जाहीर केलं. समुद्राच्या भिंतीआड कुठलाही देश यापुढे सुरक्षित राहू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विल्सन यांची चूक पाहिलेली होती. संयुक्त राष्ट्रांची सनद तयार करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेच्या शिष्टमंडळात त्यांनी व्हॅन्डेनबर्ग यांना घेतलं.

नोव्हेंबर १९४६ मध्ये रिपब्लिकनांनी काँग्रेसची दोन्ही सभागृहं जिंकली आणि व्हॅन्डेनबर्ग लॉज यांच्याच खुर्चीत येऊन बसले. तीनच महिन्यांत कसोटी आली. ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत करणं यापुढे झेपणार नाही, असं ब्रिटनने फेब्रुवारी १९४७ मध्ये कळवलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काँग्रेसच्या नेत्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. व्हॅन्डेनबर्ग तिथे तयार झाले, पण एका अटीवर: राष्ट्राध्यक्षांनी स्वतः काँग्रेसपुढे येऊन धोका किती मोठा आहे हे देशाला उघड सांगावं. १२ मार्चचं ट्रुमन यांचं भाषण त्यानंतरचं. चाळीस कोटी डॉलर मंजूर झाले. संयुक्त राष्ट्रांना वाटलं तर ही मदत थांबवता यावी, अशी तरतूदही व्हॅन्डेनबर्ग यांनी विधेयकात घालून घेतली.

मार्शल योजनेच्या वेळी त्यांचं कसब आणखी स्पष्ट दिसलं. सरकारला चार वर्षांसाठी १७ अब्ज डॉलरचा आकडा हवा होता. एवढा मोठा आकडा पाहून आपल्या पक्षातले काटकसरी सदस्य बिथरतील, हे व्हॅन्डेनबर्ग जाणून होते. त्यांनी तो आकडाच विधेयकातून काढायला लावला आणि पहिल्या बारा महिन्यांपुरते ५.३ अब्ज ठेवले. कारभार परराष्ट्र खात्याकडे न देता स्वतंत्र संस्थेकडे द्यावा असा आग्रह त्यांनी धरला, आणि त्या संस्थेच्या प्रमुखपदी स्टुडबेकर मोटार कंपनीचे अध्यक्ष पॉल हॉफमन आले. हॉफमन रिपब्लिकन होते. मार्च १९४८ मध्ये सिनेटने योजना ६९ विरुद्ध १७ मतांनी मंजूर केली.

म्हणजे व्हॅन्डेनबर्ग यांनी सरकारला फुकट पाठिंबा दिला नाही. प्रत्येक टप्प्यावर त्यांनी काहीतरी बदलून घेतलं आणि त्या बदलावर आपली मोहोर दिसेल अशी व्यवस्था केली. देशाच्या किनाऱ्यापलीकडे पक्षीय राजकारण नको, हे त्यांच्या नावाशी जोडलं गेलेलं तत्त्व व्यवहारात असं घासाघीस करत चालत होतं.

श्रेय मात्र दुसऱ्यानेच नेलं. १९४८ च्या प्रचारात ट्रुमन यांनी देशभर रेल्वेने फिरून याच काँग्रेसला ‘काही न करणारी काँग्रेस’ म्हणून झोडपलं. रिपब्लिकन उमेदवार थॉमस ड्यूई यांनी परराष्ट्र धोरणावर फारसा हल्ला केला नाही. सगळे अंदाज खोटे ठरवून ट्रुमन जिंकले. रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहंही गमावली.

चीन कुणी घालवला?

यातून रिपब्लिकनांनी जो धडा घेतला तो सरळ होता: सभ्यपणा अंगाशी येतो. १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओंनी पेकिंगमध्ये चिनी लोकप्रजासत्ताकाची घोषणा केली आणि ‘चीन कुणी घालवला?’ हा प्रश्न विरोधी पक्षाच्या हाती आला. चीन अमेरिकेच्या मालकीचा कधीच नव्हता, पण प्रचारात असले बारकावे कोण पाहतो! फेब्रुवारी १९५० मध्ये रिपब्लिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरल्याचा आरोप केला. जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. आजारी व्हॅन्डेनबर्ग एप्रिल १९५१ मध्ये वारले तोवर त्यांचा पक्ष दुसऱ्याच वाटेला लागला होता.

१९५२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार आयझेनहॉवर यांनी निवडणुकीच्या दहा-बारा दिवस आधी, डेट्रॉइटच्या सभेत, आपण स्वतः कोरियाला जाऊ असं जाहीर केलं. तिथे जाऊन काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सांगण्याची गरजही पडली नाही; दुसरं महायुद्ध जिंकून देणाऱ्या सेनापतीचं तेवढं वाक्य पुरलं. डेमोक्रॅटांची वीस वर्षांची सत्ता संपली.

आता दुरुस्तीची पाळी डेमोक्रॅटांची होती. मवाळपणाचा शिक्का पुसण्यासाठी जॉन केनेडी १९६० मध्ये आयझेनहॉवर सरकारवर उजव्या बाजूने तुटून पडले: क्षेपणास्त्रांच्या शर्यतीत रशिया पुढे गेल्याची हाकाटी त्यांनी केली. प्रत्यक्षात अमेरिकाच पुढे होती. केनेडींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांनाही चीनचं भूत सोडत नव्हतं. व्हिएतनाम हातचा गेला तर विरोधक आपलं काय करतील, ही धास्ती त्यांच्या निर्णयांमागे होती. ऑगस्ट १९६४ च्या टोंकिन ठरावाने त्यांना युद्धाची मोकळीक दिली. प्रतिनिधीगृहात तो ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. विरोधात गेलेले वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग हे दोघेही जॉन्सन यांच्याच पक्षाचे. सिनेटमधल्या एकाही रिपब्लिकनाने विरोधात मत दिलं नाही. १९६८ मध्ये मोर्स आणि ग्रुनिंग दोघांनीही आपल्या जागा गमावल्या.

सायगावला गेलेला निरोप

त्याच १९६८ मध्ये विरोधी पक्षाच्या डावपेचांनी लक्ष्मणरेषा ओलांडली. ३१ ऑक्टोबरला, मतदान पाच दिवसांवर आलेलं असताना, जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवून पॅरिसमधल्या वाटाघाटींना गती दिली. शांतता दृष्टिपथात आली तर डेमोक्रॅटिक उमेदवार ह्यूबर्ट हम्फ्री यांचं पारडं जड होणार होतं. रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्या गोटातून ॲना शेनॉल्ट या बाईंमार्फत सायगावच्या सरकारला निरोप गेला: घाई करू नका, आमच्याकडून तुम्हाला अधिक चांगला सौदा मिळेल. २ नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थियू यांनी पॅरिसला जायला नकार दिला. जॉन्सन यांना पाळत ठेवणाऱ्या यंत्रणांकडून याचा सुगावा लागला होता. सिनेटमधले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना फोन करून त्यांनी हा देशद्रोह असल्याचं सुनावलं, पण माहिती कुठून मिळाली हे उघड करायची सोय नसल्याने ते जाहीरपणे गप्प राहिले. निक्सन एका टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. थियू यांनी स्वतःच्या हिशेबानेही नकार दिला असता, असं मानणारे इतिहासकार आहेत. मात्र निक्सन यांचे सहकारी हाल्डमन यांच्या हस्तलिखित टिपणांतून एक गोष्ट पुढे पक्की झाली: या खोड्याचा आदेश वरूनच आला होता.

विरोधी पक्षाचा माणूस परदेशात गेला की काहीतरी काळंबेरंच असतं, असं मात्र नाही. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानच्या याह्याखानांना सांभाळून घेत होते, तेव्हा डेमोक्रॅटिक सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालच्या निर्वासित छावण्यांमध्ये चिखल तुडवत फिरले. ते निर्वासितांविषयीच्या सिनेट उपसमितीचे अध्यक्ष होते. पाकिस्तानने त्यांना पूर्व बंगालमध्ये येऊ दिलं नाही. परतल्यावर त्यांनी अहवाल मांडला आणि पाकिस्तानची मदत थांबवण्यासाठी काँग्रेसमध्ये दबाव उभा केला. डिसेंबरमध्ये विमानवाहू जहाज ‘एंटरप्राइझ’ बंगालच्या उपसागराकडे निघालं, ते त्यांना थांबवता आलं नाही. पण अमेरिका म्हणजे केवळ निक्सन नव्हे, हे त्या वर्षी भारताला दिसलं ते केनेडींमुळे.

एका मताचं ओझं

मागची चूक दुरुस्त करण्याच्या खोडीचं सर्वांत ठळक उदाहरण १९९१ आणि २००२ या दोन मतदानांत सापडतं.

जानेवारी १९९१ मध्ये थोरल्या बुश यांनी कुवेतमधून इराकच्या सद्दाम यांचं सैन्य हुसकावण्यासाठी काँग्रेसची परवानगी मागितली. व्हिएतनामने पोळलेले डेमोक्रॅट धास्तावले होते. सिनेटमध्ये ठराव ५२ विरुद्ध ४७ असा काठावर मंजूर झाला. बाजूने मत देणारे डेमोक्रॅट होते फक्त दहा, त्यांत टेनेसीचे अल गोर. विरोधात गेलेल्यांत मॅसॅच्युसेट्सचे जॉन केरी, डेलावेअरचे जो बायडन आणि संरक्षण विषयातले मातब्बर सॅम नन होते. जमिनीवरचं युद्ध शंभर तासांत संपलं. बुश यांची लोकप्रियता ९० टक्क्यांच्या घरात गेली आणि विरोधात मत देणाऱ्यांची तोंडं उतरली. नन यांचं नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी घेतलं जाई, ते मागे पडलं. दीड वर्षाने डेमोक्रॅटिक उमेदवार बिल क्लिंटन यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडलं ते गोर यांना.

गंमत अशी, की बुश १९९२ मध्ये हरले. युद्धातल्या विजयाची पुण्याई मंदीपुढे टिकली नाही. पण डेमोक्रॅटांच्या डोक्यात बसलं ते १९९१ चं मतदान.

अकरा वर्षांनी धाकटे बुश इराकसाठी परवानगी मागायला आले तेव्हा काँग्रेसच्या निवडणुका महिन्यावर होत्या आणि सिनेट डेमोक्रॅटांच्या ताब्यात होतं. २ ऑक्टोबर २००२ रोजी प्रतिनिधीगृहातले डेमोक्रॅटिक नेते रिचर्ड गेपहार्ट व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये बुश यांच्या शेजारी उभे राहिले आणि ठरावावर समझोता झाल्याचं जाहीर झालं. इराकचा विषय एकदाचा मिटवावा आणि उरलेल्या दिवसांत अर्थव्यवस्थेवर बोलावं, असा पक्षातल्या अनेकांचा हिशेब होता. त्याच दिवशी शिकागोच्या फेडरल प्लाझामध्ये युद्धविरोधी सभा भरली होती. वक्त्यांमध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळातले एक सदस्य होते, बराक ओबामा. राज्याबाहेर त्यांचं नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मतदानाआधी सिनेटरांसाठी इराकच्या शस्त्रांविषयी नव्वदहून अधिक पानांचा गोपनीय अहवाल उपलब्ध होता. निष्कर्षांमधल्या शंका आणि मतभेद त्यात नोंदवलेले होते. तो पूर्ण वाचण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी वाचला आणि विरोधात मत दिलं. ११ ऑक्टोबरला ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला. डेमोक्रॅटांपैकी २९ बाजूने आणि २१ विरोधात गेले. बाजूच्या २९ जणांत केरी, बायडन, जॉन एडवर्ड्स आणि हिलरी क्लिंटन होते. या चौघांनीही पुढे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली.

या मताने ढालीचं काम तरी केलं का? जॉर्जियाचे सिनेटर मॅक्स क्लेलंड यांची गोष्ट पाहा. व्हिएतनाममध्ये त्यांनी दोन्ही पाय आणि उजवा हात गमावला होता, इराक ठरावाच्या बाजूने मतही दिलं होतं. तरी त्यांच्या विरोधातल्या टीव्ही जाहिरातीत ओसामा बिन लादेन आणि सद्दाम यांचे चेहरे झळकले. निमित्त होतं नव्या अंतर्गत सुरक्षा खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हक्कांवर त्यांनी दिलेल्या मतांचं. रिपब्लिकन पक्षातल्या जॉन मॅकेन यांनीही त्या जाहिरातीचा निषेध केला. क्लेलंड हरले ते हरलेच. सिनेटही डेमोक्रॅटांच्या हातातून गेलं.

केरी यांची गत तर तेलही गेलं, तूपही गेलं अशी झाली. १९९१ मध्ये विरोध केला, ते युद्ध यशस्वी ठरलं. २००२ मध्ये पाठिंबा दिला, ते युद्ध फसलं. इराकसाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या निधीला आपण आधी पाठिंबा दिला आणि मग विरोध केला, हे त्यांनी मार्च २००४ मध्ये स्वतःच्या तोंडाने सांगितलं. रिपब्लिकनांनी ते वाक्य घरोघर पोचवलं. केरी हरले. २००८ मध्ये पक्षाची उमेदवारी मिळाली ती ओबामांना, कारणांमध्ये एक मोठं कारण शिकागोच्या त्या सभेतलं भाषण. २००२ मध्ये ते सिनेटमध्ये नव्हते, त्यामुळे मत देण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

सौदा अजून होतो

सगळंच मतलबाने चालतं असं म्हटलं, तर भारताशी झालेल्या अणुकराराचा उलगडा होत नाही. करार बुश यांचा, काँग्रेस डेमोक्रॅटांची, निवडणूक महिन्यावर. तरीही १ ऑक्टोबर २००८ रोजी सिनेटने तो ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. राष्ट्राध्यक्षपदासाठी एकमेकांविरुद्ध लढणारे ओबामा आणि मॅकेन दोघेही बाजूने होते. इथे जुनी जखम नव्हती, अमेरिकी सैनिक कुठे जाणार नव्हते, आणि भारतीय वंशाचे मतदार व देणगीदार दोन्ही पक्षांत होते.

एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनच्या मदतीचं विधेयक प्रतिनिधीगृहात ३११ विरुद्ध ११२ मतांनी मंजूर झालं, तेव्हा चित्र आणखी वेगळं होतं. सभागृह रिपब्लिकनांचं होतं, पण त्यांचे ११२ सदस्य विरोधात आणि १०१ बाजूने गेले. विधेयक तरलं ते डेमोक्रॅटांच्या मतांवर. फट आता दोन पक्षांमध्ये होती तितकीच एका पक्षाच्या पोटातही होती.

मार्च २०२३ मध्ये सिनेटने १९९१ आणि २००२ हे इराकचे दोन्ही ठराव रद्द करण्याच्या बाजूने ६६ विरुद्ध ३० असा कौल दिला. अठरा रिपब्लिकनही बाजूने होते. व्हाइट हाउसने त्याला पाठिंबा दिला. तेव्हा तिथे राष्ट्राध्यक्ष होते जो बायडन, ज्यांनी पहिल्या ठरावाच्या विरोधात आणि दुसऱ्याच्या बाजूने मत दिलं होतं.